'एसीत बसून लिहिलेलं दिसतंय' म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार अनामिक,

रिक्षावाल्यांवरच्या लेखाखालची तुमची कमेंट वाचली. मी लिहिलं होतं की रिक्षावाला नाही म्हणाला की आपण त्याला माजोरडा ठरवून मोकळे होतो आणि स्वतःला उशीर झाला की ट्रॅफिकला दोष देतो. तुमचं म्हणणं, हे सगळं अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांवरच्या प्रयोगांतून उचललंय, आपली माणसं परिस्थिती बघतात, म्हैसूरच्या अभ्यासात तसं दिसलंय. आणि शेवटी टोला, 'एसीत बसून लिहिलेलं दिसतंय.'

लेख लांबला हे मान्य, मधला एक परिच्छेद उडवला असता तरी चाललं असतं. पण हे एसीचं काय काढलंत मधेच?

अहो, मी बँकेत काउंटरला नोकरी केलीय. 2016 च्या नोव्हेंबरात 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या तेव्हा मी कॅशला होते. नोटा बदलून द्यायची मर्यादा आधी 4000, मग 4500, मग एकदम 2000, आणि आम्हालासुद्धा ते बऱ्याचदा टीव्हीवरच कळायचं. नवीन 2000 ची नोट वेगळ्या मापाची, त्यामुळे एटीएम मशीनं जुळवून घेईपर्यंत बंद, वरून कॅश येतच नव्हती, आणि लाईनीतली माणसं काय म्हणायची? 'माजलेत हे बँकवाले, ओळखीच्यांना मागच्या दाराने देतात.' काही ठिकाणी तसं झालंही, नाही म्हणत नाही, पण आमच्याकडे नाही. आम्ही रात्री हिशोब जुळेपर्यंत घरी जात नव्हतो, तिकडे डबा तसाच पडलेला. एक काका तर काचेवर बोट आपटून म्हणाले, 'तुम्हाला काय, एसीत बसलाय!' शाखेतला एसी उन्हाळ्यापासून बंद होता.

ही सगळी आपलीच माणसं बरं का. कुणी अमेरिकेतून आलं नव्हतं.

आणि त्या ज्या प्रयोगांची तुम्ही टिंगल केलीत त्यातला एक सांगतेच. 1967, जोन्स आणि हॅरिस हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रो, त्याच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले, लिहिणाऱ्याने बाजू स्वतः निवडलेली नाही, त्याला नेमून दिलीय हे सांगितलं, तरी वाचणाऱ्यांना वाटलं की याचं मत थोडंफार तसंच असणार. तुम्ही तर एका लेखावरून माझी खोली, माझी खुर्ची सगळं ठरवून टाकलंत.

म्हैसूरचा अभ्यास म्हणजे मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांचा, 1984 चा. वाचलाय मी. कुणी असं का वागलं हे सांगताना शिकागोची मोठी माणसं स्वभावाकडे बोट दाखवतात, म्हैसूरची परिस्थितीकडे, 8 वर्षांच्या मुलांत मात्र फारसा फरक नाही. चांगला अभ्यास आहे, पण म्हैसूर म्हणजे काही डोंबिवली स्टेशनचा रिक्षा स्टँड नव्हे. त्यावर लिहीन कधीतरी.

बाकी तुमच्या एकूण सुरावरून तुम्ही रिटायर्ड प्राध्यापक असणार असं वाटतंय, वर्गात कुणी उलट बोललेलं खपत नाही अशातले. असो. चर्चेला माझी कधीच ना नाही, पण पुढच्या वेळी नाव टाका, म्हणजे दादा म्हणायचं की ताई एवढं तरी कळेल.