बारीक बार्बेरियनची ताकद कोणी कापली?

माझ्या भाचीची बार्बेरियन, म्हणजे खेळातलं तिचं रानटी योद्ध्याचं पात्र, गेल्या आठवड्यात अचानक अशक्त झाली. ना लढाई, ना शाप. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एक पोस्ट कारणीभूत. तिच्या डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायचा खेळ) खेळणाऱ्या कंपूत ती कोणीतरी टाकली, सगळ्यांनी 'लाइक'चे अंगठे दिले आणि डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, हिला फर्मावलं: स्ट्रेंथ, म्हणजे पात्राच्या ताकदीचा आकडा, १८ ची १४ कर. एवढ्याशा बाईला एवढी ताकद म्हणे शोभत नाही. "मावशी, यात काही तथ्य आहे का गं?" म्हणून पोस्ट माझ्याकडे आली.

'गेममधली ताकद आणि शरीराचं वास्तव' असा त्या पोस्टचा थाट. म्हणणं असं, की तलवार दहा-पंधरा किलोची असते, सडपातळ पात्राला ती पेलणार नाही. खरी ताकद अंगावर दिसते, म्हणून सिक्स-पॅक नसेल तर स्ट्रेंथ १६ च्या वर नको. बारीक पात्रांनी धनुष्य घ्यावं. मूळ खेळात बायकांच्या ताकदीला मर्यादा होती, ती 'हल्लीच्या दबावाखाली' काढली, तर प्रत्येक टेबलाने ती १४ वर परत आणावी. आणि जुने गेम हे सगळं बरोबर दाखवायचे.

यावर "ड्रॅगन चालतो, मग हेही चालवून घ्या" असं उत्तर हमखास दिलं जातं. मला ते आळशी वाटतं. यांना वास्तव हवंय ना? वास्तवच घेऊ.

तलवारीचं लगेच मिटवते. मध्ययुगीन युरोपातल्या, खरोखर लढाईत वापरलेल्या तलवारी साधारण एक ते दीड किलोच्या असत. खुद्द या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लाँगस्वोर्डचं वजन तीन पौंड दिलंय. भाचीचं कॉलेजचं दप्तर त्याहून जड आहे.

आता तो 'मूळ नियम'. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण इथे इतिहासाचं नाव घेऊन थाप मारली आहे. डी अँड डी आलं १९७४ साली, तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात. त्यांत बायकांच्या ताकदीवर कसलीही मर्यादा नाही. ती आली १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीच्या खेळाडू-पुस्तिकेत, आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून गेलीसुद्धा. म्हणजे मूळची नाही आणि हल्ली काढलेलीही नाही. ती रद्द झाली तेव्हा पोस्टला अंगठे देणाऱ्या या पोरांपैकी एकाचाही जन्म झाला नव्हता.

त्याहून गंमत आकड्याची. १९७८ च्या त्या तक्त्यात मानव योद्ध्यांना १८ च्या पुढे शतमानाची जोड होती, ०१ पासून ०० म्हणजे शंभरपर्यंत. पुरुषाची कमाल १८/००, बाईची १८/५०. म्हणजे आज ज्याला आम्ही बुरसटलेला नियम म्हणतो, त्यातही मानव बाईला साध्या १८ पेक्षा जास्त ताकद मिळू शकत होती! मग १४ कुठून आलं? त्याच तक्त्यात १४ आहे, पण हाफलिंग बायकांच्या रकान्यात. तीन फुटी बुटक्यांची ओळ वाचून कोणीतरी ती सरसकट बायकांना चिकटवली आणि बाकीच्यांनी पुढे ढकलली. पुस्तक उघडून बघायचे कष्ट कोण घेणार?

हे १४ किलोंत मोजून पाहा. पाचव्या आवृत्तीच्या नियमाने ढकलायची, ओढायची किंवा उचलायची मर्यादा म्हणजे स्ट्रेंथ गुणिले ३० पौंड. १४ ला ४२० पौंड, म्हणजे १९० किलो. याहून जास्त वजन कुठलीही बाई जमिनीवरून उचलूच शकत नाही, असा या फतव्याचा अर्थ. टोकियो ऑलिम्पिकमध्ये चीनच्या ली वेनवेनने क्लीन अँड जर्कमध्ये (वजन आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) १८० किलो डोक्यावर नेले. डोक्यावर १८० नेणारी जमिनीवरून १९० वर थांबेल, असं वेटलिफ्टिंग एकदा तरी पाहिलेला माणूस म्हणणार नाही.

ली धिप्पाड आहे, मान्य. मग पोस्टच्या लाडक्या 'अंगावर दिसते' या मुद्द्याकडे येऊ. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या मीराबाई चानूने ४९ किलो गटात ११५ किलो डोक्यावर नेले. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात १३५. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे तुर्कस्तानचा नईम सुलेमानोग्लू: उंची पाच फुटांच्या आत, गट ६० किलोचा, १९८८ ला सोलमध्ये क्लीन अँड जर्क १९० किलो. स्वतःच्या वजनाच्या तिप्पट. उलट्या टोकाला जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे. २०२१ साली २६७ किलो उचलून विश्वविक्रम केला, आणि पोट चांगलं सुटलेलं! सिक्स-पॅक दिसतात ते कातडीखाली चरबी कमी असते म्हणून. ताकद ठरते स्नायूच्या छेदावर, मेंदू एका वेळी किती तंतू कामाला लावतो त्यावर, हाडांच्या लांबीवर आणि तंत्रावर. आरशात यातलं फारच थोडं दिसतं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करते. वजनगट उगाच केलेले नाहीत. मोठं शरीर एकूण जास्त उचलतं, आणि सरासरी पुरुषाच्या खांद्या-दंडांत सरासरी बाईपेक्षा बरीच जास्त ताकद असते. भाचीच्या १८ चे नियमाने २४५ किलो होतात. तेवढे बारीक अंगाला जडच. पण पात्र सरासरी असतं कधी? आणि आकाराचं गणित लावायचंच, तर त्याच कंपूतल्या हाफलिंग फायटरला आधी लावा. उंची निम्मी झाली की स्नायूचा छेद एक-चतुर्थांशावर येतो. पुस्तकाप्रमाणे हा गडी ४० पौंडांचा, म्हणजे १८ किलोंचा. स्ट्रेंथ १६. ओझं वाहायच्या वेगळ्या नियमाने तो २४० पौंड, म्हणजे १०९ किलो पाठीवर घेऊन दिवसभर हिंडू शकतो. स्वतःच्या सहापट! त्याचे आकडे कोणी तपासले नाहीत. तो खेळणारा मुलगा आहे ना.

धनुष्याचं तर उलटंच आहे. १५४५ मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे इंग्रजी जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्यातून शंभराहून अधिक लांब धनुष्यं मिळाली, आणि ती ओढायला शंभर पौंडांहून जास्त जोर लागत असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बारीक पोराच्या हाती ते देऊन बघा.

जुन्या गेमचा दाखलाही फसवा. २००४ च्या 'सॅन अँड्रियास' या व्हिडिओ गेममध्ये नायक सीजे जिमला गेला की दंड फुगतात, बर्गर हाणले की पोट सुटतं. त्याच वर्षीच्या 'फेबल'मध्ये ताकद वाढवली की हिरो रुंद होतो. छानच होतं ते. पण तिथे आधी मेहनत, मग शरीर. शरीर बघून ताकदीला टाळं कोणी लावलं नव्हतं.

तरी डीएमला वास्तवाची फारच हौस असेल, तर २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तयार नियम आहे: लहान आकाराच्या पात्राने मध्यम आकाराच्या पात्राच्या पाऊणपट ओझं वाहायचं. तो उद्यापासून लावा. हाफलिंगचे १०९ किलो ८२ वर येतील. भाचीची मानव बार्बेरियन मध्यम आकारात बसते, तिची स्ट्रेंथ १८ च राहील.