मंगळवारचा पिचर म्हणजे नाइट वॉचमन नव्हे

फेब्रुवारीच्या मध्यावर अमेरिकेत कॉलेज बेसबॉलचा हंगाम सुरू झाला की एक दावा न चुकता फिरायला लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवारचे सामने खरे, मंगळवारचा नुसता भरतीचा. तेव्हा तिथे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून कुणालाही उभं करा. फ्रेशमनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोराला द्या, मार खाऊन शिकेल. नाहीतर सामन्याच्या नऊ इनिंग (डाव) नऊ जणांना एकेक वाटा. फारच अडलं तर शुक्रवारच्या हुकमी पिचरकडून दोन इनिंग काढून घ्या, तसाही तो मंगळवारी बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, सराव करतोच. थोडक्यात, मंगळवारचा पिचर म्हणजे क्रिकेटमधला नाइट वॉचमन. इथे आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मीही हेच बोलायचो, त्यामुळे हा दावा किती गोड वाटतो ते मला ठाऊक आहे.

‘मंगळवार मोजत नाहीत.’ मोजतात की! डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या सर्वात वरच्या श्रेणीत, नियमित हंगाम ५६ सामन्यांचा. चौदा आठवड्यांचे शुक्रवार-शनिवार-रविवार धरले तर ४२ होतात, उरलेले चौदा मधल्या वारी. म्हणजे हंगामाचा चौथा हिस्सा. पुढच्या फेरीसाठी ६४ संघ निवडताना समिती आरपीआय नावाचा क्रमवारीचा आकडा पाहते. त्यात स्वतःच्या विजयांचं प्रमाण २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांचं ५० टक्के आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं २५ टक्के. या सूत्राला वार कळत नाही. २०२२ साली ओल मिसचा (मिसिसिपी विद्यापीठाचा) संघ त्या यादीत अगदी शेवटचा म्हणून घेतला गेला आणि अंतिम टप्पा जिथे होतो त्या ओमाहाला जाऊन विजेतेपद घेऊन आला. मंगळवारचा एक विजय जास्त की कमी, याने काय फरक पडतो ते त्यांना विचारा.

‘शुक्रवारच्या पिचरला दोन इनिंग द्या.’ इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गंमत या हिशेबात आहे. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाचे निकष काढले. कॉलेजांवर ते बंधनकारक नाहीत, पण मोजपट्टी म्हणून उत्तम. १९ ते २२ वर्षांच्या मुलासाठी: ३० चेंडूंपर्यंत विश्रांतीची गरज नाही, ४५ पर्यंत एक दिवस, ६० पर्यंत दोन, ८० पर्यंत तीन, १०५ पर्यंत चार, आणि त्यापुढे पाच. शुक्रवारी रात्री ९५ चेंडू टाकलेला मुलगा या हिशेबाने बुधवारी मोकळा होतो, मंगळवारी नाही. आणि बुलपेनमधला सराव म्हणजे सामना नव्हे. तिथे समोर बॅटर नसतो, तळावर (बेसवर) धावपटू नसतो, हात जरा राखूनच चालतो. सामन्यात मूल हात राखेल ही आशा करू नका. वीस वर्षांचं पोर आणि समोर स्कोअरबोर्ड, तो जीव तोडूनच टाकणार.

तोच हिशेब आता उलटा लावा. मंगळवारी ७० चेंडू टाकणारा पिचर शनिवारी परत मिळतो, ९० टाकणारा थेट रविवारी. म्हणून ‘पहिले तीन पिचर शुक्रवार-शनिवार-रविवारकडे, चौथा मंगळवारी’ हे या दाव्याचं सभ्य रूपसुद्धा मला पटत नाही. सोमवारी सकाळी पिचिंग कोचच्या हातात एक कागद असतो: डावीकडे नावं, पुढे तीन रकाने, कोणी कधी किती चेंडू टाकले. समजा, चौथा सर्वोत्तम हात एका डावखुऱ्याचा आहे, आणि शुक्रवारी आठव्या इनिंगला एका धावेची आघाडी असताना कोचला तोच हवा असतो. त्याला मंगळवारी सुरुवात दिली तर शुक्रवारी तो डगआउटमध्ये बसून शेंगदाणे खाणार. त्याच कागदावर खाली एक सिनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाचा, आहे, ताशी ८८ मैलांच्या वर कधी न गेलेला, शनिवारी जेमतेम बारा चेंडू टाकलेला. तो स्ट्राइक, म्हणजे नेमक्या टप्प्यातला चेंडू, टाकतो, बॅटरला जमिनीवरून मारायला लावतो, पाच इनिंग खातो. मंगळवारचा पिचर हा. सगळ्यात चांगला कोण हा इथला प्रश्नच नाही. शुक्रवारपर्यंत ज्याच्यावाचून अडत नाही आणि जो पाच इनिंग ओढू शकतो, तो कोण?

‘फ्रेशमन मार खाऊन शिकेल.’ अर्धं खरं. पण मार खायला आधी चेंडू बॅटच्या टप्प्यात तरी यायला हवा. मार्चमधला एक थंडगार मंगळवार मला आठवतो. स्टँडमध्ये इतकी कमी माणसं, की कॅचरच्या ग्लोव्हमधला ‘थाड्’ पार वरच्या ओळीत ऐकू यायचा. माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, फ्रेशमन, चेंडूला वेग असा की शेजारचे गृहस्थ आवंढा गिळत होते. पहिल्याच इनिंगमध्ये त्याने चौघांना वॉक दिला, म्हणजे चार-चार चेंडू टप्प्याबाहेर टाकून फुकट तळ दिला. कोच बाहेर आले तोवर चाळीस चेंडू होऊन गेले होते. त्यानंतर सामना ओढायला सहा जण लागले आणि त्यातले दोघे शुक्रवारसाठी राखलेले होते. पोरगं काय शिकलं, देव जाणे. फ्रेशमनला जरूर द्या, पण जो सरावात पहिला चेंडू स्ट्राइक टाकतो त्याला द्या, आणि मर्यादा आधी ठरवून द्या. बाकीच्यांना सहाव्या इनिंगला, तळ मोकळे असताना आणा.

नऊ जणांना एकेक इनिंग, ज्याला इथे गमतीने ‘जॉनी होलस्टाफ’ म्हणतात, तो उपाय कधीकधी बरोबर असतो. बऱ्याच जणांचे हात आठवडाभर चाललेले नसतील तर खुशाल करा. दर मंगळवारी मात्र नको. प्रत्येक जण आधी बुलपेनमध्ये गरम होतो, कधी उठतो आणि परत बसतो, आणि ते चेंडू त्या कागदावर येत नाहीत.

आता नाइट वॉचमनकडे येऊ. मे महिन्यापर्यंत याच मंगळवारांवर चौथा पिचर तयार होत असतो. रीजनलमध्ये, म्हणजे त्या ६४ संघांच्या पहिल्या फेरीत, एका गटात चार संघ असतात आणि दुसऱ्या पराभवाला बाहेर. पहिलाच सामना हरलात तर पुढे सलग चार जिंकावे लागतात, म्हणजे चार दिवसांत पाच सामने. तिथे तीन पिचर पुरत नाहीत. २०२३ च्या ओमाहात लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या हुकमी पिचर पॉल स्कीन्सने गुरुवारी वेक फॉरेस्टविरुद्ध आठ इनिंगमध्ये १२० चेंडू टाकले. अंतिम मालिकेत रविवारी फ्लोरिडाने लुइझियाना स्टेटला २४-४ असं तुडवलं. सोमवारच्या निर्णायक सामन्यात सुरुवात केली ती थॅचर हर्डने, ज्याची जागा हंगामभर कधी सुरुवातीला, कधी बुलपेनमध्ये अशी हलत राहिली होती. पहिल्या इनिंगला त्याने दोन धावांचा होमरन खाल्ला, मग सहा इनिंगपर्यंत पुढे एकही धाव दिली नाही. लुइझियाना स्टेट १८-४ ने जिंकलं. स्कीन्सने त्या दिवशी एकही चेंडू टाकला नाही.