सेंद्रिय घ्यायचे ते नेमके काय?

आमच्या पाच माणसांच्या घरात सगळी भाजी आणि सगळी फळे सेंद्रिय आणणे परवडत नाही, हे आधीच कबूल करते. त्यामुळे जास्तीचे पैसे नेमके कशावर घालायचे, एवढाच प्रश्न उरतो आणि तो मोबाइलवर फिरणाऱ्या, कशावर औषधाचे अंश जास्त ते सांगणाऱ्या अमेरिकन याद्यांनी सुटत नाही, कारण त्यांत स्ट्रॉबेरी आणि केल नावाची पालेभाजी वरच्या क्रमांकावर असतात आणि आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होणाऱ्या गवार-दोडक्याचा पत्ताच नसतो.

माझे माहेर निफाड तालुक्यातले, म्हणून मी शेताच्या बाजूने विचार करते. पीक एकदाच काढले जाते की सतत तोडले जाते, हे मी आधी पाहते. भेंडी एकदा लागली की एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर ती जून होते आणि बाजारात कोणी हात लावत नाही. फवारणीनंतर किती दिवस थांबून माल काढावा हे औषधासोबतच्या माहितीपत्रकात छापलेले असते, पण ते दिवस काटेकोर पाळायचे तर मधले तोडे फेकून द्यावे लागतील आणि तेवढे नुकसान सोसणारा शेतकरी विरळा. काकडीचेही तसेच. वांग्यात तर शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एकदा आत शिरली की वरच्या औषधाला दाद देत नाही, आणि मग फवारणीचा हात सैल सुटतो. भेंडी, वांगी, काकडी आणि पानासकट पोटात जाणाऱ्या पालक, मेथी, कोथिंबीर यांच्यासाठी म्हणूनच मी जास्तीचे पैसे मोजते.

याउलट कांदा एकदाच काढतात, पात कापून सुकवतात, कांदाचाळीत महिनोन्महिने साठवतात आणि आपण वरची साले काढूनच तो चिरतो. कांदा, मटार, केळी, नारळ आणि कलिंगड मी बिनघोर साध्या बाजारातून आणते. अर्थात हा हिशेब खाणाऱ्याचा झाला, फवारणाऱ्याचा नव्हे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि कापूस तर कोणी खातही नाही.

मिठाच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवण्याच्या सासूबाईंच्या सवयीला मी आडकाठी करत नाही. वरवरचे बरेच काही त्याने निघते. अंतरप्रवाही औषध मात्र झाडाच्या रसातून आत पोहोचलेले असते, ते धुऊन जात नाही. तसेच अळी निघाली म्हणजे माल सेंद्रिय, हा समजही खरा नाही, कारण भरपूर फवारलेल्या फ्लॉवरमध्येही अळी सापडते.

एका विक्रेत्याकडून मी वर्षभर ‘ऑरगॅनिक’ पाटीखालची भाजी घेतली आणि प्रमाणपत्र मागितले तेव्हा ते दुसऱ्याच पिकाचे निघाले. तेव्हापासून पाकिटावर प्रमाणित सेंद्रिय मालाचे ‘जैविक भारत’ हे सरकारी चिन्ह शोधते, किंवा ज्याचे शेत पाहिले आहे अशाच माणसाकडून घेते. आंब्याची गोष्ट वेगळी: तिथे माझी मुख्य काळजी पिकवण्याची आहे. कार्बाइडवर बंदी असूनही ते वापरले जाते, म्हणून मी कच्ची पेटी आणून पेंढ्यात अढी घालते.

द्राक्षांपुढे मात्र माझा निकष लंगडा पडतो. काढणी एकदाच, पण फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने आमच्या बागेत फवारणीचा ब्लोअर थांबत नाही, आणि आमच्या हवेत पूर्ण सेंद्रिय बाग टिकवणे किती अवघड आहे हे मी भावाकडे पाहिले आहे. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्यामुळे युरोपात आपली द्राक्षे अडली, तेव्हाची घरातली चिंता अजून आठवते. आज निर्यातीच्या बागेतला नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय माल बाहेर जात नाही. म्हणून मुलांसाठी मी सेंद्रिय द्राक्षे शोधत बसत नाही. फेब्रुवारीत भावाला फोन करते आणि अशा तपासलेल्या बागेत निर्यातीच्या आकारात न बसलेले घड मागवते.