पाठकोऱ्या कागदावरचा चौरस आणि प्लेटो

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोची ओळख आपल्याकडे बहुधा गुहेच्या रूपकापासून करून दिली जाते, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच होतो. जखडलेले कैदी, भिंतीवरच्या सावल्या आणि बाहेरचा सूर्य हे चित्र इतके प्रभावी आहे की वाचणाऱ्याच्या मनात ‘वर कुठेतरी दुसरे जग आहे’ एवढेच उरते. सुरुवात चौरसापासून करावी.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला २ फूट बाजूचा चौरस दाखवतो आणि दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती, असे विचारतो. मुलगा बेधडक सांगतो, ४ फूट. क्षेत्रफळ १६ होते, हवे असते ८. मग तो ३ म्हणतो, ९ होतात. अखेर मूळ चौरसाच्या कर्णावर चौरस उभारल्यावर उत्तर सापडते. परवा आठवीतल्या भाचीला मी हाच प्रश्न पाठकोऱ्या कागदावर घातला, तेव्हा तिनेही पहिल्या फटक्यात बाजूच दुप्पट केली. पुढे ५ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण तिने पट्टीने मोजला आणि ‘७ आणि वर बारीकसे काहीतरी’ असे सांगितले. आपला काटकोन जरा चुकला असेल तर नियम खोटा ठरेल का, असे मी विचारले. ती म्हणाली, “नाही मामा, आपला चौरस खोटा ठरेल.”

मग नियम नेमक्या कोणत्या चौरसाचा? दिसणाऱ्या वस्तूंपलीकडे त्यांची निखळ, न बदलणारी ‘रूपे’ असतात, हा प्लेटोचा सिद्धान्त ‘मेनो’मध्ये पूर्णपणे आलेला नाही, पण ‘फीडो’ या संवादात प्लेटो हाच प्रश्न समान काठ्यांविषयी उपस्थित करतो. दोन काठ्या समान भासतात आणि तरीही कुठेतरी उण्या पडतात. त्या उण्या पडतात हे ज्या मापाने कळते, ती निखळ समानता डोळ्यांना कधीच दिसलेली नसते. अशा मूळ रूपासाठी तो ‘आयडॉस’ आणि ‘इडेआ’ हे शब्द वापरतो. दोन्ही पाहण्याच्या धातूपासून आलेले, आपल्या ‘विद्’चे सगोत्र. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला पाहण्यावरून नाव पडावे, ही गंमत मला फार आवडते.

प्लेटोविषयी खरा आदर मात्र मला ‘पार्मेनिडीस’ या संवादामुळे वाटतो. तिथे वृद्ध तत्त्वज्ञ पार्मेनिडीस तरुण सॉक्रेटिसला विचारतो, केस, चिखल आणि मळ यांचीही रूपे असतात का? सॉक्रेटिस गडबडतो. मोठ्या वस्तू मोठेपणाच्या रूपामुळे मोठ्या असतील आणि ते रूपही मोठेच असेल, तर त्या सर्वांसाठी आणखी एक मोठेपण लागेल, आणि ही साखळी कधीच संपणार नाही, हा आक्षेपही तिथेच आहे. स्वतःच्या सिद्धान्तावरचा इतका घातक वार स्वतःच लिहून ठेवणारे विचारवंत विरळा. प्लेटोच्या अकादमी या विद्यापीठात सुमारे २० वर्षे राहिलेल्या अ‍ॅरिस्टॉटलने पुढे रूप वस्तूतच असते, वेगळे नसते, अशी भूमिका घेतली. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने ती रूपे ईश्वराच्या मनात नेऊन ठेवली. आपल्या नैयायिकांचे, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांचे, ‘घटत्व’ (सर्व घटांत सारखे असलेले घटपण) याच प्रश्नाभोवती फिरते. मात्र तेवढ्यावरून ‘हे आमच्याकडे होतेच’ अशी दवंडी पिटू नये, कारण त्यांचे हे ‘सामान्य’ प्रत्येक घटात समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहते, प्लेटोच्या रूपासारखे अलिप्त नसते.

विसाव्या शतकात गोडेलसारखा तर्कशास्त्रज्ञ उघडपणे प्लेटोच्या बाजूला उभा राहिला. गणितज्ञ आधीपासून असलेले काही हुडकतो की नवे रचतो, हा वाद आजही धगधगता आहे. मराठीत तो मांडतानाच अडखळायला होते, कारण ‘शोध लावला’ हा प्रयोग आपण गुरुत्वाकर्षणालाही करतो आणि वाफेच्या इंजिनालाही. न्यायाचे किंवा सौंदर्याचे असे एकच अचल रूप असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. प्रत्येक काळात ते ठरवणारी माणसे मला समोर दिसतात. कर्णाचे तसे नाही. तो कोणी ठरवलेला नाही, आणि भाचीच्या पट्टीवर तो पूर्णपणे मावतही नाही.