काड्या मोजायचा खेळ

सोलापूरची पार्क चौपाटी, रात्रीचे नऊ. मध्ये डिस्को भजीची प्लेट, पलीकडं भुईकोटाची काळी भिंत. बारक्याचे डोळे तांबारलेले. रात्रभर 'अॅम्नेशिया: रीबर्थ' हा व्हिडिओ गेम खेळला म्हणे.

"१९३७ साल. अल्जेरियाच्या वाळवंटात विमान पडलेलं. तासी नावाची बाई, सगळं तिच्याच डोळ्यांनी बघायचं. गुहा, पडके अवशेष, अंधार. हातात काडेपेटी. बंदूक-बिंदूक काय नाही."

"मग मारायचं कसं बे?" अण्णा.

"मारायचंच नाही. पळायचं, लपायचं."

"पळायला पैसे मोजलास होय लेका? आपण तर फुकटात पळतो."

बारक्या चिडला. अंधारात फार वेळ थांबलं की तासीची भीती वाढते, भलतंसलतं दिसायला लागतं. आणि काड्या मोजक्याच. एक आता ओढायची, की पुढच्या वळणासाठी ठेवायची?

"महिन्याच्या पंचवीस तारखेपासून आमची मंडळी हाच गेम खेळते," अण्णा म्हणाले. आम्ही हसलो, पण मला ते पटलं. भारनियमनात शेवटची मेणबत्ती अर्धी झाली की आई विझवायला लावायची. भुतापेक्षा त्या उरलेल्या अर्ध्या मेणबत्तीचीच धास्ती जास्त असायची.

मास्तरांचं दुखणं वेगळंच. "पडकं दिसलं की घाला भूत! कुणी बांधलं, का बांधलं, काय नको. ह्याच कंपनीनं २०१० साली पहिल्या 'अॅम्नेशिया'मध्ये किल्ल्याचं तेच केलं ना?"

"मास्तर, नळदुर्गला तुम्हीच आम्हाला पाणी महालात नेलावतं," बारक्या म्हणाला. "१६१३चं बांधकाम, इब्राहिम आदिलशाह दुसरा, सगळं सांगालावतात. पण बंधाऱ्याच्या पोटात जिना उतरताना पाण्याचा घुमारा ऐकून माझा हात कुणी धरलावता?"

मास्तर भजी चावत राहिले. ही बाजी बारक्याची, माझ्या मते निर्विवाद.

"आणि इतिहास नाही कसा?" त्याला आता जोर चढला. "जागोजागी चिठ्ठ्या, कागद पडलेले असतात. ते वाचतच पुढं जायचं. वाचलं नाही तर आपलं काय झालं तेच कळत नाही."

मास्तरांनी भजी खाली ठेवली. "वाचायचं? मग हा तर आपल्या कुडलचाच गेम बे! हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा लेख आहे, म्हणजे १०१८. 'वाछि तो विजेया होईवा.' जो वाचेल तो विजयी होईल!"

"म्हणजे हजार वर्षांपूर्वी आपल्याकडं..." बारक्या सुरू होणार, तेवढ्यात भजीवाल्यानं हिशेबाची चिठ्ठी प्लेटखाली सरकवली.

अण्णांनी ती उचलून मास्तरांच्या हातात दिली. "वाचा मास्तर. व्हा विजयी."