अण्णांची ओळख पटली नाही

आमच्या कारखान्याच्या साप्ताहिक बैठकीच्या इतिवृत्तात या वेळी एक वाक्य छापून आले आहे : "संगणक विभागाने बसवलेली नवी यंत्रणा हिशेबखात्यातील अण्णांची ओळख पटवू शकली नाही, सबब विभागाने लेखी खुलासा करावा." इतिवृत्त हाती आल्यापासून हे वाक्य मी बऱ्याचदा वाचले असून दर वेळी त्यातला निराळा शब्द मला टोचतो. यंत्रणेने अण्णांना नाकारलेलेच नाही. त्यांना नाकारले ते चिंचवडला राहणाऱ्या एका गृहिणीने, टेलिफोनवर, आणि तेही सर्व नियम पाळून. परंतु इतिवृत्त लिहिणाऱ्या गृहस्थांना सर्व्हर आणि काकू यांत फरक करण्याचे कारण वाटले नाही.

मूळ काम साधे होते. भोसरीच्या रहदारीला कंटाळलेली आमची मंडळी आता घरून व्हीपीएनवर, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयात येण्याच्या खाजगी वाटेवर, येऊन कार्यालयाच्या सर्व्हरवर काम करतात, आणि या सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता, जो भांडारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला असे. तो बंद करून प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड आणि वर मोबाइलवरचा सहा आकडी कोड द्यावा, असे ठरले. त्यासाठी मी रेडियस नावाची व्यवस्था निवडली. ही काही माझी हौस नव्हे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मेरिट नावाचे विद्यापीठांचे जाळे होते, त्याच्या टेलिफोन-मोडेमवरून येणाऱ्यांना ओळखण्यासाठी लिव्हिंगस्टन नावाच्या कंपनीने १९९१ मध्ये ती घडवली. दारे कितीही असोत, कुणाला आत घ्यायचे याची यादी एकाच ठिकाणी असावी, एवढाच तिचा विचार. मोडेम गेले, ती कंपनीही दुसरीने विकत घेतली, पण विचार टिकला. आज जगभरातल्या विद्यापीठांतून चालणारे एडुरोम हे वायफायही याच व्यवस्थेवर उभे आहे. १९९९ मध्ये सुरू झालेला फ्रीरेडियस हा तिचा सर्व्हर फुकट मिळतो, आणि आमच्या खरेदी विभागाला या सगळ्या इतिहासातला एवढा शेवटचा शब्दच आवडला.

ही व्यवस्था बसवताना माणसाची पहिली परीक्षा होते ती तिच्या मौनामुळे. आमच्या जाळ्याच्या प्रवेशद्वारावर बसवलेली फायरवॉलची, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारी, पेटी विनंती पाठवत होती आणि सर्व्हर हूं की चूं करत नव्हता. पेटी विकणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्रातील तरुण मला पुनःपुन्हा सांगत होता की, "सर, आमच्या साइडने सगळं ओके आहे." त्याच्या बाजूने पेटी १६४५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या खिडकीवर, बोलत होती. रेडियसचा तो जुना क्रमांक दुसऱ्याच एका सेवेच्या नावे नोंदलेला निघाला, म्हणून अधिकृत क्रमांक १८१२ ठरला, आणि २००० साली निघालेल्या मानक दस्तऐवजात ही सगळी कथा स्वच्छ लिहिलेली आहे. एवढ्या वर्षांत ती पेटीवाल्यांपर्यंत पोहोचू नये, याचे मला नवल वाटले, त्याला वाटले नाही. पोर्ट बदलल्यावरही मौन कायम राहिले, कारण पेटी आता भलत्याच पत्त्यावरून विनंती पाठवू लागली होती. अनोळखी पेटीकडून विनंती आली तर नकारही द्यायचा नाही, निमूटपणे ती टाकून द्यायची, असा त्याच दस्तऐवजाचा आदेश आहे. सर्व्हर तपासणीच्या अवस्थेत सुरू केला तर तो पडद्यावर स्वतःशीच पुटपुटतो की अनोळखी क्लायंटची विनंती दुर्लक्षित केली आहे, परंतु ज्याने विचारले त्याला मात्र अवाक्षर सांगत नाही. मी हे सगळे निस्तरत असताना अण्णा मागे खुर्ची ओढून बसलेले होते.

अण्णा हिशेबखात्यात तीस वर्षे आहेत आणि दर महिन्याच्या वीस तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरून होईपर्यंत ते कुणाशी नीट बोलत नाहीत. ती तारीख उलटलेली असल्यामुळे त्यांना वेळ होता. पडद्यावरचे प्रत्येक अक्षर जमाखर्चाची नोंद असल्यासारखे ते वाचत होते. फ्रीरेडियसच्या नमुन्याच्या फायलीत बॉब नावाचा एक वापरकर्ता आणि त्याचा 'हॅलो' हा पासवर्ड लिहिलेला असतो. त्याच्यापुढची खूण काढली की तो जिवंत होतो, आणि पहिली चाचणी मी त्याच्याच नावाने घेतली. पडद्यावर 'ॲक्सेस-ॲक्सेप्ट', म्हणजे प्रवेश मंजूर, असे उमटताच अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

"हा बॉब कोण?"

"कुणी नाही अण्णा, चाचणीपुरता आहे."

"पगारपत्रकात नाही."

"नसणारच. तो खरा माणूसच नाही."

"म्हणजे जो माणूस नाही, पगारपत्रकात नाही, त्याला नुसतं हॅलो म्हटल्यावर आत घेतलंस. आणि मला मोबाइल आणायला सांगतोस."

या प्रश्नाला लेखापरीक्षणाच्या अंगाने पाहिले तर उत्तर नाही. मी बॉबला तत्काळ पुसून टाकले. तो पुसला गेल्याचे अण्णांनी स्वतः पाहिले आणि खिशातल्या डायरीत तारखेसह नोंदवून घेतले.

खरा प्रसंग घडला तो शुक्रवारी, संचालक मंडळींसमोर. कार्यालयातल्याच सभागृहात बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून आपण बाहेरचे असल्याचे सोंग आणून, एका सामान्य कर्मचाऱ्याने आत प्रवेश करून दाखवावा, अशी साहेबांची कल्पना होती, आणि सामान्य कर्मचारी म्हणून त्यांनीच अण्णांना निवडले. अण्णांच्या घरात स्मार्टफोन एकच. तो मुलाने नातवंडांना पाहण्यासाठी पाठवलेला असून काकूंच्या ताब्यात असतो. अण्णांनी तो एकदा आणून त्यात कोडचे ॲप घालून नेले होते, पण शुक्रवारी काकूंच्या भजनी मंडळाचा सराव होता आणि चाली त्या फोनमध्ये होत्या. "मी घरूनच काम करणार, तेव्हा फोन माझ्याशेजारीच असणार. इथे सभागृहात त्याचं काय काम?" हा अण्णांचा मुद्दा तर्काला धरून होता, आणि साहेबांखेरीज सर्वांना तो पटला.

अण्णांनी पासवर्ड घातला, तो बिनचूक होता. पेटीने कोड विचारला. अण्णांच्या स्वतःच्या साध्या फोनचा रिचार्ज संपलेला असल्यामुळे त्यांनी सभागृहातल्या टेलिफोनवरून घरी फोन लावला आणि सर्वांना ऐकू यावे म्हणून साहेबांनी स्पीकरचे बटण दाबले.

"अगं, मी बोलतोय. त्या ॲपमधला आकडा सांग बरं पटकन."

"कोण बोलतंय?"

"अगं मी! ऑफिसातून!"

"हा नंबर आमच्या ह्यांचा नाही."

"ऑफिसचा आहे तो. आकडा सांग, तीस सेकंदांत बदलतो."

"असेच घाई करतात हे लोक," काकू बहुधा शेजारी बसलेल्या कुणाला तरी म्हणाल्या. "बँकेनं सांगितलंय, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. नवऱ्याचा आवाज काढून बोलतात हल्ली."

सभागृहात कुणी हसले नाही, कारण साहेब हसले नव्हते. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते म्हणाले, "माझा आवाज ओळखत नाहीस तू?"

"आवाजाचं काही सांगू नका. तुम्ही जर खरंच ते असाल, तर काल रात्री भाजी कोणती केली होती ते सांगा."

रेडियसमध्ये 'ॲक्सेस-चॅलेंज' नावाचा एक संदेशाचा प्रकार आहे. पासवर्ड ऐकून सर्व्हरचे समाधान झाले नाही तर तो होकारही देत नाही आणि नकारही देत नाही, उलट प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. हा प्रकार लोकांना समजावण्यासाठी मी सात पानांचे सादरीकरण केले होते, ते लॅपटॉपमध्ये तसेच राहिले. काकूंनी ते एका वाक्यात करून दाखवले होते.

अण्णांनी छताकडे पाहिले. मग ते म्हणाले, "दोडका."

"दोडका परवा होता," असे उत्तर आले आणि फोन ठेवला गेला.

अण्णांनी पुन्हा फोन लावला, तेव्हा त्यांनी पडवळ सांगून पाहिले. त्यानंतर काकूंनी फोन उचललाच नाही. ठरावीक चुकांनंतर खाते काही काळ बंद ठेवावे, ही शिफारसही त्या न वाचता पाळत होत्या. इकडे कोडचे आकडे बदलत राहिले. हा कोड कुठून येत नाही, फोन आणि सर्व्हर दोघेही आपापल्या घड्याळावरून आणि एका सामायिक गुपितावरून तो स्वतंत्रपणे काढतात, मागचा-पुढचा एक आकडा चालवून घ्यावा एवढीच सवलत त्यात आहे, हे मी साहेबांना सांगू लागलो. साहेबांनी हात वर करून मला थांबवले आणि विचारले, "म्हणजे चालत नाही, असंच ना?"

तिथून इतिवृत्त निघाले.

मला राग आहे तो काकूंचा नाही. त्या बैठकीशी संबंधित असलेल्या माणसांत नियम उमजलेली ती एकच व्यक्ती होती. राग याचा आहे की, जे खरोखर बिघडलेले आहे त्याबद्दल इतिवृत्तात एक अक्षर नाही. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी ब्लास्ट-रेडियस नावाची त्रुटी जाहीर केली. रेडियसचे उत्तर खरे आहे की नाही हे एमडी५ या जुन्या पद्धतीने तपासले जाते, आणि ती पद्धत फसवता येते हे २००४ पासून जगाला ठाऊक होते. वाटेत बसलेला लबाड माणूस नकाराचा होकार करू शकतो. उपाय असा की प्रत्येक संदेशासोबत एक जादा सही जोडण्याची सक्ती करावी. माझा सर्व्हर ती सही मागू शकतो, आमची पेटी ती जोडत नाही, आणि पेटीवाल्यांचे म्हणणे असे की ज्या सुधारणेत ती सोय आहे ती वार्षिक करार नव्याने केल्यावरच मिळेल. म्हणजे त्यांनी विकलेल्या कुलपातला दोष दुरुस्त करण्याचे पैसे आम्ही द्यायचे, आणि ते मंजूर होईपर्यंत सक्ती मला बंद ठेवावी लागते. ही फाइल खरेदी विभागात आहे. तीवर एकच शेरा आहे, तो म्हणजे "सध्या चालत असल्यास आवश्यकता काय?"

पासवर्डचेही तेच. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्येच स्पष्ट केले की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, त्याने माणसे अधिकच सोपे पासवर्ड ठेवतात. आमच्या लेखापरीक्षकाच्या तक्त्यात मात्र बदलाचा रकाना आहे आणि तो रिकामा दिसला की ते अस्वस्थ होतात. सबब दर तिमाहीला सगळे 'गणपती@१' चे 'गणपती@२' करतात आणि रकाना भरतो.

अण्णांचे पुढे सुरळीत झाले. घरी फोन शेजारी असतो, अण्णा पासवर्ड टाइप करताना काकू तोंड फिरवून बसतात, आणि संपूर्ण कारखान्यात ज्याच्याकडून माझ्याकडे एकही तक्रार आलेली नाही असा वापरकर्ता म्हणजे अण्णा. अडचण साहेबांची झाली. शुक्रवारच्या प्रकारानंतर त्यांनी स्वतःला कोडमधून वगळण्याची तोंडी आज्ञा दिली. लेखी द्यावी, असे मी कळवले, त्यावर उत्तर आले नाही, पण सोमवारी सकाळी पुन्हा विचारणा आली आणि मी त्यांना वगळले.

ओळख पटवणे आणि परवानगी देणे यांनंतर रेडियसचा तिसरा भाग म्हणजे हिशेब : कोण केव्हा आत आले, केव्हा बाहेर गेले, किती वेळ होते, याची तो बिनचूक नोंद ठेवतो. बुधवारच्या बैठकीत साहेब माझ्यासमोर चहा घेत खुलाशाची मुदत ठरवत होते, आणि त्याच वेळी, नोंदीप्रमाणे, साहेब कुठल्याशा बाहेरच्या पत्त्यावरून सलग तीन तास आत होते. त्यांचा पासवर्ड स्वीय सहायकाकडे असतो आणि सहायक त्या दिवशी घरून काम करत होता. ते पान मी लेखापरीक्षकांपुढे ठेवले. त्यांनी वेळा पडताळल्या, पासवर्ड बदलल्याची तारीख पाहिली, आणि हिरव्या शाईने बरोबरची खूण करून खाली सही केली.