खुर्ची आहे, मत नाही

बर्लिनमध्ये एक समिती बसते. नाव लांबलचक, गेमाइनझामर बुंडेसआउसशुस. सगळे गे-बे-आ म्हणतात. सरकारी आरोग्य विम्यातल्या सात कोटींहून जास्त लोकांना कोणती गोळी, कोणती तपासणी, कोणतं ऑपरेशन विम्यातून मिळेल, ते ही समिती ठरवते. मत देणारे सदस्य 13: तीन तटस्थ, पाच विमा फंडांचे, पाच डॉक्टर, दंतवैद्य आणि हॉस्पिटलांचे. त्याच टेबलाला पाच खुर्च्या रुग्णप्रतिनिधींच्या, 2004 पासून. त्यांना कागद मिळतात, बोलता येतं, नवा विषयही मांडता येतो. मतदान सुरू झालं की मात्र ते बघत बसतात.

आणि गंमत म्हणजे, युरोपात ही व्यवस्था बऱ्यापैकी चांगली मानली जाते. मलाही ती चांगलीच वाटते, कारण निदान विषय मांडायचा हक्क तिथे कायद्यात लिहिलेला आहे. बाकी ठिकाणी ‘रुग्णांचा आवाज’ हे शब्द प्रत्येक कागदावर असतात. तो आवाज खोलीत कधी शिरला, प्रश्न ठरायच्या आधी की उत्तर टाइप होऊन झाल्यावर, हे कागद सांगत नाही. माझ्या मते पाहण्यासारखं तेवढंच असतं.

हृदयविकाराचंच उदाहरण घेऊ. आधी पसारा किती आहे ते बघा. युरोपीय संघात वर्षाला साधारण 17 लाख लोक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी जातात, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश. खर्च वर्षाला सुमारे 282 अब्ज युरो. तरी कॅन्सरसाठी संघाची मोठी योजना फेब्रुवारी 2021 मध्येच आली, चार अब्ज युरोंसकट, आणि हृदयाच्या वाट्याला तशी योजना यायला डिसेंबर 2025 उजाडलं. ‘सेफ हार्ट्स प्लॅन’ तिचं नाव. मधल्या काळात रुग्णसंघटना, हार्ट फाउंडेशन्स आणि डॉक्टरांच्या संस्था एकत्र येऊन मागे लागल्या होत्या. ब्रसेल्सचं युरोपियन हार्ट नेटवर्क होतं, आयर्लंडमधल्या गॉलवेतून चालणारं ग्लोबल हार्ट हब होतं. संघाचं फिरतं अध्यक्षपद हंगेरीकडे असताना, डिसेंबर 2024 मध्ये, सगळ्या देशांच्या मंत्र्यांनी हृदयाच्या आरोग्यावर ठराव केला. हा दबाव नसता तर योजना आणखी रखडली असती असं माझं मत.

पण युरोपीय संघाच्या कराराचं 168 वं कलम म्हणतं की आरोग्यसेवा कशी चालवायची आणि पैसा कुठे घालायचा हे ज्या त्या देशाने ठरवायचं. अँजिओप्लास्टीनंतरच्या रिहॅबचा, म्हणजे व्यायाम आणि सल्ल्याचा, वर्ग तालुक्याच्या गावी भरणार की 60 किलोमीटरवर, सकाळी 11 ला की संध्याकाळी सहाला, हे ब्रसेल्समध्ये, म्हणजे संघाच्या कचेऱ्यांत, ठरत नाही. रिहॅबला लोक येत नाहीत म्हणून सगळे हळहळतात. येणार कसे? नोकरी करणारा माणूस आठवड्यातून तीनदा सकाळी 11 ला कुठून येणार? त्यामुळे एखाद्या संघटनेने सगळी ताकद ब्रसेल्सला लावली आणि स्वतःच्या देशातल्या विमा समितीत कुणी बसवलंच नाही, तर फोटो छान येतात, वर्गाची वेळ तीच राहते.

आता गाइडलाइनकडे, म्हणजे कोणत्या आजारात काय करावं हे सांगणाऱ्या लेखी शिफारशींकडे, येऊ, कारण डॉक्टरच्या टेबलावर खरा परिणाम तिचाच होतो. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजी या हृदयतज्ज्ञांच्या संस्थेने 2018 मध्ये पेशंट फोरम, म्हणजे रुग्णांचा गट, सुरू केला आणि तेव्हापासून गाइडलाइन लिहिणाऱ्या गटांत रुग्ण बसू लागले. प्रत्येक शिफारशीला वर्ग असतो: पहिला म्हणजे करा, तिसरा म्हणजे करू नका, मधे दुसऱ्याचे अ आणि ब. शिफारस मंजूर व्हायला मत देणाऱ्यांपैकी 75 टक्के लोकांची संमती लागते. पण कोणत्या प्रश्नावर पुरावा शोधायचा ही यादी त्याच्या बरीच आधी तयार झालेली असते. यादी झाल्यावर आलेला रुग्ण फार तर शब्द सोपे करून देतो. तेही काम मोलाचं आहे, पण त्याला धोरण घडवणं म्हणता येणार नाही.

लघवीच्या गोळीचंच घ्या. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय नीट पंप करत नाही तेव्हा, अंगात साठलेलं पाणी काढायला फ्युरोसेमाइड देतात. गोळी तासाभरात काम सुरू करते आणि पुढचे काही तास बाथरूमच्या फेऱ्या. ज्या दिवशी बसने जायचंय, लग्नाला जायचंय, त्या दिवशी लोक ती गिळतच नाहीत. असे दोन-तीन दिवस गेले की पाय सुजतात, वजन चढतं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर कळवा, अशी सूचना असतेच. कळवेपर्यंत माणूस ॲडमिट झालेला असतो. डॉक्टरच्या नोंदीत ‘औषध नियमित घेत नाही’ एवढंच येतं. रुग्ण पहिल्या बैठकीला असेल तर तो विचारतो: बाहेर जायच्या दिवशी हीच गोळी दुपारी घरी आल्यावर घेतली तर चालेल का? बऱ्याच जणांना चालते, डॉक्टरला विचारून. हा प्रश्न यादीत आला तर पत्रकात एक ओळ येते, आणि त्या ओळीने जे वाचतं ते नव्या गोळीने वाचेलच असं नाही.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. कॅन्सस सिटी प्रश्नावली म्हणून एक आहे, हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी: मोठी 23 प्रश्नांची, छोटी 12 ची, गुण 0 ते 100. जास्त गुण म्हणजे तब्येत बरी, आणि पाच गुणांचा फरकही रुग्णाला जाणवण्याइतका मानतात. तिच्यातला एक प्रश्न असा: गेल्या दोन आठवड्यांत दम लागतो म्हणून खुर्चीत बसून किंवा किमान तीन उशा घेऊन किती वेळा झोपावं लागलं? इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टमधल्या इजेक्शन फ्रॅक्शनच्या (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं त्या) आकड्यात या तीन उशा दिसत नाहीत. डॉक्टर ‘क्लास टू’, म्हणजे सौम्य त्रास, लिहितात आणि घरी बायको रात्रभर पाठीला उशी लावत बसते. हे माप धोरणात यायला हवं, आणि तिथेच पुढच्या काही वर्षांची खरी लढाई आहे.

कारण नवीन औषधांचं संयुक्त मूल्यमापन, म्हणजे नवं औषध आधीच्या उपचारापेक्षा किती सरस हे सगळ्या देशांनी मिळून तपासणं. संघाच्या 2021 च्या कायद्यानुसार ते 12 जानेवारी 2025 पासून सुरू झालं, आधी कॅन्सरची औषधं आणि जीन-पेशी उपचारांसाठी. दुर्मीळ आजारांची औषधं जानेवारी 2028 पासून, बाकी सगळी 2030 पासून. म्हणजे हृदयाची बहुतेक नवी औषधं या चाळणीत 2030 लाच येणार. मूल्यमापनाची पहिली पायरी म्हणजे व्याप्ती ठरवणं: कोणते रुग्ण, कोणतं औषध, कशाशी तुलना, कोणते परिणाम मोजायचे. प्रत्येक देश आपापली मागणी पाठवतो. या पायरीला ‘तीन उशा’ परिणामांच्या यादीत नसतील, तर अहवाल कितीही चांगला लिहिला तरी त्या नंतर घुसवता येत नाहीत. आणि ही पायरी झटपट उरकते. ज्याने आधी तयारी केलेली नाही त्याला महिना-दीड महिन्यात काही जमत नाही.

तयारी म्हटली की पैशाचा विषय निघतो, आणि इथे रुग्णसंघटनांनाही थोडं सुनवायला हवं. त्यांतल्या बऱ्याच संघटना औषध आणि उपकरण कंपन्यांच्या देणग्यांवर चालतात. देणगी घेणं पाप नाही. दुसरं कुणी देतही नाही. पण मूल्यमापनात बसायचं तर हितसंबंध लिहून द्यावे लागतात, आणि ज्या कंपनीची गोळी तपासायची तिच्याच पैशावर संघटना चालत असेल तर नेमका जाणकार माणूस बाहेर राहतो. देणगीदार एकच न ठेवता पाच ठेवा, रकमा वेबसाइटवर टाका, आणि समितीत पाठवायच्या माणसाला कंपन्यांच्या मानधनापासून आधीच दूर ठेवा. हे कंटाळवाणं काम आहे, म्हणून बहुतेक जण टाळतात.

आवाज वेळेवर पोहोचला की काय होतं हे फिनलंडने दाखवलंय. उत्तर कारेलिया प्रांतात ऐन उमेदीतले पुरुष हार्ट अटॅकने पटापट जात होते. 1971 मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनी सरकारकडे लेखी मागणी केली, 1972 ला प्रकल्प सुरू झाला, तरुण पेक्का पुस्का त्याचे प्रमुख. मार्था नावाच्या गृहिणींच्या संघटनेने गावोगाव जेवणं घालून लोणी-मीठ कमी केलेला स्वयंपाक शिकवला. काही दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. तिथे प्रश्नच लोकांनी विचारला होता.

जर्मनीत 2024 ला उलटं झालं. ‘निरोगी हृदय कायदा’ ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केला: मुलांची कोलेस्टेरॉल तपासणी, 25, 35 आणि 50 व्या वर्षी तपासणीचं आमंत्रण, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचा हक्क. गे-बे-आ आणि विमा फंड चिडले: गोळी कुणाला द्यायची हे संसद ठरवणार का? त्या भांडणात रुग्ण कुठे होते ते शोधावं लागतं. नोव्हेंबरमध्ये सरकारच कोसळलं, कायदा बारगळला. डिसेंबरमध्ये गे-बे-आने स्टॅटिन विम्यातून मिळण्याची रेषा दहा वर्षांत हार्ट अटॅक-स्ट्रोकच्या 20 टक्के धोक्यावरून 10 टक्क्यांवर आणली. निर्णय चांगलाच. मत त्याच 13 जणांचं.

आता युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. तिथले बरेच डॉक्टर हा दहा वर्षांचा धोका ‘स्कोर टू’ तक्त्यावरून काढतात: वय 40 ते 69, आधी हृदयविकार किंवा मधुमेह नसलेल्यांसाठी. तक्त्यात वंशाचा रकाना नाही. पण 2021 च्या युरोपीय गाइडलाइनमध्ये सुचवलंय की मूळ भारतीय किंवा बांगलादेशी असेल तर आलेला आकडा 1.3 ने गुणा, पाकिस्तानी असेल तर 1.7 ने. हे गुणक ब्रिटनमधल्या नोंदींवरून आले. गजबजलेल्या दवाखान्यात हे आपणहून कुणी करेल याची खात्री नाही, म्हणून कोणता तक्ता वापरला आणि गुणलं का, हे विचारा. आणि लोकांची मतं मागवणाऱ्या ब्रसेल्सच्या ‘हॅव युअर से’ पोर्टलवर पुढचा मसुदा येईल तेव्हा हाच मुद्दा लिहा: संघाच्या 24 भाषांपैकी कोणतीही, चौकटीत 4,000 अक्षरं. पुरावे मागवण्याची मुदत साधारण चार आठवडे असते. दुसऱ्याचा मजकूर चिकटवू नका; एकाच साच्यातली उत्तरं मोहीम म्हणून बाजूला काढली जातात.

हिशेब करून बघा. तक्त्यावर 8 टक्के आले तर 1.3 ने गुणल्यावर 10.4 होतात. जर्मनीतली गोळीची रेषा या दोन आकड्यांच्या मधून जाते.